छोटी व्हिडिओ साइट चालवताना काय काय निस्तरावं लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुतारकाम शिकवणारे सुमारे ३०० व्हिडिओ तुमच्याकडे तयार आहेत, प्रत्येक साधारण २० मिनिटांचा. ते स्वतःच्या साइटवर ठेवून सभासदांकडून वर्गणी घ्यायची आहे. पुढे सभासदांनाही आपापले व्हिडिओ टाकू द्यायचे, महिन्यातून एकदा थेट वर्ग घ्यायचा आणि जमलं तर डाउनलोडची सोयही द्यायची. त्यासाठी सर्व्हर कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर कोणतं वापरावं आणि अडचणी कुठे येतील, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली नऊ वर्षं बुद्धिबळाच्या धड्यांची एक लहानशी व्हिडिओ साइट चालवते. आम्ही दोघंच आहोत, तिसरं कोणी नाही. सर्व्हर कोणता, याच प्रश्नाने मीही सुरुवात केली होती. त्यात तीन आठवडे घालवले आणि ते वाया गेले, कारण ज्या आकड्यावरून सर्व्हर ठरतो तो आकडाच मी काढला नव्हता.

लेखांच्या साइटवर हजार वाचक वाढले तरी खर्चात फारसा फरक पडत नाही. व्हिडिओचं तसं नसतं. माणूस जितकी मिनिटं पाहतो तितकी मिनिटं मीटर चालू असतं. व्हिडिओ जास्त पाहिला गेला की आनंद व्हायला हवा, पण छोट्या साइटवाल्याला आधी बिल दिसतं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

आधी हिशेब करू. ३०० व्हिडिओ म्हणजे १०० तास. मूळ फाइली सेकंदाला २० मेगाबिटच्या असतील तर तासाला ९ जीबी, म्हणजे एकूण ९०० जीबी. त्यांच्यापासून बनवलेल्या चार आकारांच्या प्रतींना आणखी ३०० जीबी धरा. सगळं मिळून सव्वा टीबीच्या आत बसतं. आज हे एका साध्या हार्ड डिस्कवर मावतं, त्यामुळे साठवणुकीची काळजी इथेच सोडा. फक्त मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या जागी, दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. रेड लावलेली डिस्क, म्हणजे एकच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी जोडी, हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल ती तितक्याच इमानाने दोन्हीकडून पुसते.

आता पाठवणुकीचा हिशेब. समजा २,००० सभासद झाले, प्रत्येकाने महिन्याला ५ तास पाहिलं आणि सरासरी वेग सेकंदाला २ मेगाबिट पडला. तासाला ०.९ जीबी, एकूण १०,००० तास, म्हणजे महिन्याला ९ टीबी. ठेवलंय सव्वा टीबी आणि बाहेर जातंय नऊ, तेही दर महिन्याला. होस्टिंगवाले जाहिरातीत डिस्कची जागा मोठ्या अक्षरात लिहितात आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर खाली बारीक अक्षरात देतात. तुम्ही बारीक अक्षरांपासून वाचायला सुरुवात करा.

शिवाय हे ९ टीबी महिनाभर सारखे वाटून जात नाहीत. सगळे संध्याकाळीच येतात. १ गिगाबिटची लाइन असलेल्या सर्व्हरवरून सेकंदाला ३ मेगाबिटचा व्हिडिओ कागदावर ३३३ जणांना एकाच वेळी पाहता येतो. प्रत्यक्षात अडीचशेच्या पुढे गोल चक्री फिरायला लागते. प्लेअर डेटा धार लावल्यासारखा सलग घेत नाही. पुढचे काही सेकंद भरून घ्यायचे, थांबायचं, पुन्हा भरायचे, असं तो करतो. शंभर प्लेअर एकाच क्षणी भरायला आले की लाइन तुंबते.

ही चक्री किती महाग पडते यावर २०१२ मध्ये रमेश सीतारामन आणि एस. शुन्मुग कृष्णन यांनी एक मोठा अभ्यास केला होता. व्हिडिओ सुरू व्हायला २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की लोक निघून जायला लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला आणखी ५.८ टक्क्यांपर्यंत माणसं गळतात, असं त्यात दिसलं. तुमचे सभासद पैसे भरून आलेले असतील म्हणून थोडी कळ काढतील, पण वर्गणी संपल्यावर परत भरतीलच असं नाही.

सुरुवातीच्या या उशिराचं एक कारण इतकं साधं आहे की ते आधीच सांगून टाकते. माझ्या पहिल्या आठवड्यात एका सभासदाने कळवलं की व्हिडिओ सुरूच होत नाही. मी माझ्या मशीनवर फाइल उघडली, तर लगेच चालली. त्यांच्याकडे मात्र पडदा दीड मिनिट काळाच. एमपीफोर फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते, कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे ते सांगणारी. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर ही अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी लिहितात, कारण फाइल पूर्ण झाल्याशिवाय ती तयारच होत नाही. डिस्कवर शेवटचं पान उलटून बघायला वेळ लागत नाही. नेटवरून मात्र ती मिळेपर्यंत प्लेअर खोळंबतो, आणि सर्व्हरला फाइलचा मधलाच तुकडा देता येत नसेल तर अख्खी फाइल उतरवावी लागते. माझा सर्व्हर नेमका तसाच लावलेला होता. व्हिडिओ एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणाऱ्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्टस्टार्ट’ नावाचा पर्याय आहे. तो दिला की अनुक्रमणिका पुढे येते. एका शब्दाचं काम, आणि मी त्यापायी दोन रात्री सर्व्हर बदलायच्या गोष्टी करत होते.

तुम्ही मात्र अख्खी एमपीफोर फाइल देऊच नका. एचएलएस वापरा. ॲपलने २००९ मध्ये आणलेली ही पद्धत आज जवळपास सगळीकडे चालते. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे (ॲपलची शिफारस ६ सेकंदांची आहे) आणि त्या तुकड्यांची यादी असलेली एक छोटी प्लेलिस्ट फाइल बनवायची. प्रत्येक व्हिडिओ तीन-चार दर्जांमध्ये ठेवायचा. नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा उचलतो, सुधारलं की परत वर जातो. यात एक गोष्ट पाळलीच पाहिजे. सगळ्या दर्जांमध्ये की-फ्रेम (अख्खं चित्र साठवलेली फ्रेम, जिच्यापासून नवा तुकडा सुरू करता येतो) एकाच क्षणी पडली पाहिजे. २५ फ्रेमच्या व्हिडिओत दर ५० फ्रेमला, म्हणजे दर २ सेकंदांनी की-फ्रेम ठरवून टाका आणि दृश्य बदललं की आपोआप की-फ्रेम घालायची एन्कोडरची (व्हिडिओ दाबून लहान फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सवय बंद करा. हे केलं नाही तर दर्जा बदलताना चित्र अडखळतं आणि सभासद सांगतात, ‘मधेच उडी मारतं.’ नेमकं कुठे, ते त्यांना सांगता येत नाही, आणि तुम्हालाही सापडत नाही.

कोणत्या दर्जाला किती बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, द्यायचा, इथे खरा पैसा वाचतो. नेटवर तयार कोष्टकं मिळतात, १०८० ला एवढा, ७२० ला एवढा. ती डोळे मिटून घेऊ नका. माझ्या व्हिडिओत पटाचं चित्र असतं. पंधरा-वीस सेकंद काही हलत नाही, मग एक घोडा सरकतो, पुन्हा शांत. मी सुरुवातीला कोष्टकाप्रमाणे १०८० ला सेकंदाला ५ मेगाबिट देत होते. नंतर ठराविक बिटरेट सोडून ठराविक दर्जा सांभाळणारी सीआरएफ पद्धत लावली, तेव्हा तोच पट ७०० किलोबिटमध्ये तितकाच स्वच्छ दिसला. वर्षभर मी सातपट डेटा पाठवत होते, आणि तो पाठवलेला कोणाला दिसतही नव्हता. नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये प्रत्येक शीर्षकासाठी वेगळा बिटरेट ठरवायला सुरुवात केली ती याच कारणाने. त्यांच्याकडे त्यासाठी मोठी यंत्रणा आहे. तुमच्याकडे एफएफएमपेग आहे आणि ३०० व्हिडिओंना ते पुरतं.

तुमचा विषय मात्र माझ्या उलट आहे. रंधा मारताना उडणाऱ्या ढलप्या, करवतीचा भुसा, लाकडाचे रेषे, म्हणजे एन्कोडरला जे जे जड जातं ते सगळं एकाच चौकटीत. तिथे नुसता सीआरएफ लावून मोकळे झालात तर काही प्रसंग ७-८ मेगाबिटवर जातील. म्हणून सीआरएफसोबत कमाल मर्यादाही घाला. १०८० ला ४.५ मेगाबिटपासून सुरुवात करा. मग तुमचा सगळ्यात वाईट, सगळ्यात भुसा उडणारा व्हिडिओ मोबाइलवर आणि मोठ्या पडद्यावर स्वतः बघा. मर्यादा कमी करत जा आणि डोळ्याला खुपलं की एक पायरी मागे या. ४के देऊच नका. सांधा कसा बसतो ते दाखवायला कॅमेरा जवळ न्या, पिक्सेल वाढवू नका.

मोबाइलवर चित्रित केलेले व्हिडिओ असतील तर आणखी एक सापळा आहे. बरेच फोन फ्रेमचा वेग चित्रित करताना खालीवर करतात. अशी फाइल नीट न हाताळता एन्कोड केली की आवाज हळूहळू मागे पडतो. बुद्धिबळात हे कोणाला कळत नाही. तुमच्याकडे हातोडा खिळ्यावर पडेल आणि ठोका नंतर ऐकू येईल. एन्कोड करतानाच फ्रेमचा वेग स्थिर करून घ्या आणि प्रत्येक व्हिडिओ शेवटच्या मिनिटाला उघडून तपासा. सुरुवात नेहमी ठीकच दिसते. आवाजाची पातळीही सगळीकडे सारखी करा. मला चित्राच्या दर्जापेक्षा ‘या धड्यात आवाज एकदम मोठा झाला’ याबद्दल जास्त पत्रं आली आहेत.

कोडेकबद्दल, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीबद्दल, फार डोकं लावू नका. एच.२६४ हे २००३ चं आहे, म्हातारं आहे, पण जुन्या टीव्हीपासून स्वस्तातल्या फोनपर्यंत सगळीकडे चालतं. २०१८ मध्ये आलेलं एव्ही१ त्याच दर्जाला बराच कमी डेटा घेतं, हे खरं. पण एन्कोडला वेळ खूप लागतो आणि पाहणाऱ्याच्या यंत्रात त्यासाठीचं हार्डवेअर नसेल तर बॅटरी भराभर उतरते. ॲपलच्या फोनमध्ये ते हार्डवेअर २०२३ च्या आयफोन १५ प्रोपासून आलं. आधी एच.२६४ वर सगळं बसवा. बिल मोठं झालं की सगळ्यात जास्त पाहिले जाणारे २०-२५ व्हिडिओ तेवढे एव्ही१ मध्येही ठेवा. बाकीच्यांना हात लावायची गरज पडणार नाही, कारण बहुतेक पाहणं त्या मोजक्यांचंच असतं.

आता सीडीएन. तुकडे जगभरच्या सर्व्हरवर साठवून जवळच्या सर्व्हरवरून द्यायचे, ही कल्पना चांगलीच आहे आणि तुम्हाला ते लागेलच. पण छोट्या साइटला त्याचा अनुभव वेगळा येतो आणि हे आधी कोणी सांगत नाही. सीडीएनच्या त्या सर्व्हरवर जागा मर्यादित असते. ज्याला फारशी मागणी नाही ते तिथून काढून टाकलं जातं. तुमचा १७४ क्रमांकाचा व्हिडिओ आठवड्यातून तिघं पाहतात, आणि तेही तीन वेगळ्या शहरांतून. प्रत्येकाच्या वेळी सीडीएनकडे तो नसतोच. मग तो तुमच्या मूळ सर्व्हरकडे मागायला येतो, आणि पाहणाऱ्याला थेट दिलं असतं त्यापेक्षाही उशीर होतो. सीडीएनच्या अहवालात ‘कॅश हिट’, म्हणजे मागितलेला तुकडा त्यांच्या साठ्यातच (कॅशमध्ये) सापडला असं किती टक्के वेळा झालं, ते दाखवतात. माझं पहिल्या वर्षी ४० च्या आसपास होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त माल मी दोनदा वाहत होते. उपाय असा की मूळ सर्व्हर आणि बाकी सगळे सर्व्हर यांच्यामध्ये सीडीएनचाच एक मधला साठा ठेवायचा. बहुतेक सीडीएनमध्ये ही सोय असते, फक्त ती वेगळी चालू करावी लागते. दुसरं म्हणजे साठवणुकीतून सीडीएनकडे जाणाऱ्या डेटाचंही वेगळं बिल लागतं का, ते सही करण्याआधी विचारा. लागत असेल तर प्रत्येक चुकलेल्या कॅशचे पैसे दोघांना द्यावे लागतील.

दुसऱ्या वर्षी एका रात्रीत आमची पाठवणूक तिपटीवर गेली. सकाळी आलेख बघून मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. सभासद मात्र तेवढेच होते. कोणीतरी आमच्या फाइलींचे पत्ते उचलून स्वतःच्या साइटवर लावले होते. धडे त्यांच्या पानावर, जाहिराती त्यांच्या आणि बिल आमचं. तेव्हापासून प्रत्येक पत्त्याला सही आणि मुदत लावली. सभासदाने व्हिडिओ उघडला की त्याच्यापुरता, काही तासांनी निकामी होणारा पत्ता तयार होतो. हे पहिल्याच दिवशी करा. नंतर करायला गेलात तर सगळी जुनी पानं बदलावी लागतात. फक्त मुदत फार कमी ठेवू नका. मी एकदा हौसेने ती १५ मिनिटांवर आणली, आणि चहा करायला उठलेला माणूस परत आला की व्हिडिओ मेलेला.

याच्यापुढे जाऊन डीआरएम, म्हणजे परवानगी असलेल्या यंत्रावरच व्हिडिओ उघडू देणारं कुलूप, लावावं का? गुगलचं वाइडवाइन, ॲपलचं फेअरप्ले आणि मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी अशी तीन कुलपं आहेत. सगळ्या यंत्रांवर चालायला हवं असेल तर एकापेक्षा जास्त लावावी लागतात. चित्रपट कंपन्या करारातच त्याची अट घालतात, म्हणून मोठ्या साइट ती लावतात. तुम्हाला अशी अट घालणारं कोणी नाही. ज्याला चोरायचं आहे तो पडद्यासमोर कॅमेरा धरूनही चोरेल, आणि पैसे भरलेल्या सभासदाचा जुना टीव्ही मात्र ‘हे चालत नाही’ म्हणून अडून बसेल. आम्ही व्हिडिओच्या कोपऱ्यात सभासद क्रमांक फिकट अक्षरात दाखवतो. मुरलेल्या चोराला तो काढता येतो. पण मित्राला खात्याचा पासवर्ड देणारा माणूस आपला क्रमांक बघून विचार करतो, आणि आमची बहुतेक गळती तीच होती.

सभासदांना व्हिडिओ टाकू द्यायचे का, या प्रश्नावर माझं उत्तर सरळ आहे. देऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नाही.

आम्ही तो प्रयोग केलाय. सभासदांनी आपले डाव समजावून सांगावेत म्हणून अपलोड उघडलं. अकराव्या दिवशी ‘मधल्या डावातले डावपेच, भाग २’ या नावाची फाइल आली. लांबी दोन तास अठरा मिनिटं. एवढा लांब डाव समजावणारा कोण, म्हणून उघडली, तर नवा चित्रपट. तोवर तिचा पत्ता बाहेर कुठे कुठे पोचलेला होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने आपल्या घरगुती समारंभाच्या ४० फाइली ‘खासगी’ करून ठेवल्या होत्या, फुकटचं गोदाम मिळालं म्हणून. ही तर सौम्य उदाहरणं. अपलोड उघडं ठेवलं की याहून फार वाईट मजकूर येतो. तो रोज कोणाला तरी डोळ्यांनी पाहावा लागतो आणि काही प्रकार तर पोलिसांना कळवावेच लागतात. दोन माणसांच्या साइटवर हे पाहणार कोण?

कायदा तुमच्या बाजूने असला तरी त्यावर फार विसंबू नका. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने साइटवाल्यांना संरक्षण दिलं. तक्रार आल्यावर मजकूर तत्परतेने काढला आणि कायद्याच्या इतर अटी पाळल्या, तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी साइटला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. इतरही अनेक देशांत याच धर्तीची तरतूद आहे. व्हिओ नावाच्या व्हिडिओ साइटने याच कायद्याचा आधार घेतला. युनिव्हर्सल म्युझिकने २००७ मध्ये तिच्यावर दावा लावला होता. २००९ मध्ये न्यायालयाने व्हिओच्या बाजूने निकाल दिला. फेब्रुवारी २०१० मध्ये व्हिओ दिवाळखोरीत गेली. डिसेंबर २०११ मध्ये अपिलातही तिचाच विजय झाला, तेव्हा तो साजरा करायला कंपनी उरली नव्हती. तिच्या पाठीशी मोठे गुंतवणूकदार होते आणि कोट्यवधी डॉलर उभे केलेले होते. यूट्यूबवरही त्याच वर्षी, २००७ मध्ये, व्हायाकॉमने १ अब्ज डॉलरचा दावा लावला होता. तो २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. यूट्यूब तोवर टिकलं, कारण २००६ मध्ये ते गुगलने घेतलेलं होतं. तुमच्या-माझ्यामागे कोण आहे?

सभासदांचं काम दाखवायचंच असेल तर फोटो घ्या. सांध्याचे चार फोटो दोन मिनिटांच्या हलत्या व्हिडिओपेक्षा जास्त सांगतात आणि तपासायला दहा सेकंद लागतात. अगदी व्हिडिओच हवा असेल तर तो तुम्हाला पाठवू दे, तुम्ही पाहून लावा. आम्ही आता तसंच करतो. महिन्याला चार-पाच येतात.

थेट वर्गाचंही थोडं तसंच आहे. एचएलएसवर थेट प्रक्षेपण केलं की पाहणारा तुमच्यापेक्षा २०-३० सेकंद मागे असतो, कारण प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी ठेवूनच सुरुवात करतो. तुम्ही विचारता, ‘इथपर्यंत कळलं का?’, आणि ‘नाही’ येतं तेव्हा तुम्ही पुढचा सांधा कापायला घेतलेला असतो. उशीर कमी करणाऱ्या पद्धती आहेत, पण त्या सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं. महिन्यातून एक वर्ग असेल तर तयार मीटिंग सॉफ्टवेअरवर घ्या. ते वेबआरटीसीसारख्या तंत्रावर चालतं, त्यामुळे प्रश्न-उत्तर जागच्या जागी होतं. रेकॉर्डिंग कापूनछाटून दुसऱ्या दिवशी साइटवर टाका.

तरीही कधी एचएलएसवर थेट काही दाखवायची वेळ आलीच, तर माझी चूक करू नका. एका स्पर्धेची शेवटची फेरी आम्ही थेट दाखवत होतो. पहिली वीस सेकंदं छान चाललं, मग सगळ्यांकडे चक्री. माझ्या पडद्यावर सुरळीत. लोक चिडून लिहितायत आणि मी त्यांना उत्तर देतेय की तुमचं नेट तपासा! अर्ध्या तासाने लक्षात आलं. मी मूळ सर्व्हरवरून पाहत होते आणि बाकी सगळे सीडीएनवरून. धड्यांसाठी लावलेला नियम मी तसाच ठेवला होता, की सगळ्या फाइली एक दिवस कॅशमध्ये राहू देत. तुकड्यांना तो बरोबर आहे, ते कधी बदलत नाहीत. पण थेट प्रक्षेपणात प्लेलिस्ट दर काही सेकंदांनी नवी होते, आणि सीडीएन सगळ्यांना पहिलीच जुनी यादी वाटत बसलं होतं. प्लेलिस्टला दोन-तीन सेकंद आणि तुकड्यांना लांब मुदत, असे दोन वेगळे नियम हवेत. तेव्हापासून मी आपली साइट नेहमी सभासदाच्या खात्याने, मोबाइल डेटावर उघडून बघते.

वर्गणीबद्दल एकच सांगते. गेलेल्या सभासदांपैकी बरेच जण नाराज होऊन गेलेले नसतात. कार्डाची मुदत संपते, पैसे कापले जात नाहीत, खातं बंद होतं आणि त्यांना पत्ताही नसतो. कार्ड संपायच्या महिनाभर आधी एक साधा मेल जाऊ दे, आणि पैसे अडकले तर लगेच कुलूप न लावता आठवडाभर पाहू द्या. आमची गळती नव्या धड्यांपेक्षा या एका मेलने जास्त कमी झाली. जाहिरातींच्या नादी मात्र लागू नका. त्यांचा हिशेब लाखांनी पाहणाऱ्यांवर बसतो.

सॉफ्टवेअर म्हणाल तर एन्कोडला एफएफएमपेग, प्लेअरला व्हिडिओजेएस किंवा एचएलएसजेएस, आणि सभासद-वर्गणीसाठी तुम्हाला आधीच येत असेल ती कुठलीही वेबसाइट यंत्रणा. ‘स्वतःचं यूट्यूब काढा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार स्क्रिप्ट घेऊ नका. त्यांच्यात तुम्हाला नको असलेल्या सगळ्या गोष्टी असतात, अपलोडसकट. मुक्त सॉफ्टवेअरमधलं पीअरट्यूब चांगलं आहे. पण ते खुल्या, एकमेकांना जोडलेल्या साइटसाठी बनवलेलं आहे, वर्गणीच्या दारामागे ठेवायच्या धड्यांसाठी नाही.

सर्व्हरबद्दल आता बोलता येईल. वेबसाइटला एक लहान सर्व्हर, फाइलींना ऑब्जेक्ट स्टोरेज (फाइली ठेवायची भाड्याची ऑनलाइन जागा), पुढे सीडीएन. एन्कोड घरच्या किंवा कामाच्या मशीनवर रात्री लावून ठेवा, १०० तासांच्या व्हिडिओसाठी भाड्याचं यंत्र लागत नाही. पण आधी दहाच व्हिडिओ, त्यात दोन खूप भुशाचे आणि दोन नुसत्या बोलण्याचे, असे एन्कोड करून पन्नास जणांना महिनाभर दाखवा. महिनाअखेरीस गेलेला एकूण डेटा भागिले पाहिलेले एकूण तास. एका तासाला तुमचे किती जीबी जातात ते कळेल. त्याला सीडीएनच्या दराने गुणा आणि सभासद महिन्याला किती तास पाहतो त्याने पुन्हा गुणा. वर्गणी त्याच्या कितीतरी पट असायला हवी, कारण तुमची मेहनत, कर आणि पैसे कापण्याचं कमिशन अजून यात धरलेलं नाही.

आणि डाउनलोड. ते द्या, बिनधास्त द्या. मी चार वर्षं ते चोरीच्या भीतीने बंद ठेवलं होतं. सुतारकामाचा धडा माणूस एकदा पाहून थांबत नाही. कामाच्या जागी फोन टेकवून तोच दोन मिनिटांचा भाग पंधरा वेळा मागे-पुढे करतो, आणि जुने तुकडे प्लेअरने टाकून दिले असतील तर तेवढ्या वेळा डेटा जातो. ४८० ची एक प्रत उतरवून घेतली की एकदाच जातो. आम्ही डाउनलोड उघडल्यावर सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या धड्यांची पाठवणूक जवळपास एक तृतीयांशाने उतरली. फाइल एमपीफोरच ठेवा, सभासद क्रमांकासकट, आणि हो, फास्टस्टार्ट लावायला विसरू नका.